केळीचा भाव आणि भूजलाचा हिशेब: रावेर-यावल पट्ट्याचे प्रकरण

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याचा पायथा आणि तापीचे पात्र यांच्यामध्ये गाळाच्या जमिनीची जी पट्टी आहे, तिच्यावर रावेर आणि यावल हे दोन तालुके वसलेले आहेत आणि त्यांची अर्थव्यवस्था कित्येक दशकांपासून केळीभोवती फिरते आहे. ठिबक सिंचन आणि ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत ऊतींपासून वाढवलेली) रोपे या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात ज्या भागांनी लवकर स्वीकारल्या, त्यांत हा पट्टा अग्रभागी होता. सावदा आणि रावेर स्थानकांवरून केळीने भरलेल्या मालगाडीच्या वाघिणीच्या वाघिणी दिल्लीकडे जात आल्या आहेत, आणि २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही केंद्रीय भूजल मंडळाच्या मूल्यांकनांत हेच दोन तालुके अतिशोषित, म्हणजे भरण्याहून उपसा अधिक असलेल्या, वर्गात नोंदले गेले आहेत, आणि बागाईतदाराच्या हाती पडणारा भाव आजही त्याच्या अंदाजापलीकडे वर-खाली होतो. तंत्रज्ञान, बाजारपेठ आणि नाव हे सगळे असताना पाणी का घटते आणि उत्पन्न का स्थिर होत नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे.

पाणी, वाण आणि भाव यांची चर्चा या भागात सहसा वेगवेगळ्या व्यासपीठांवर होते. पाण्याविषयी जलसंपदा विभाग बोलतो, रोगांविषयी कृषी विभाग आणि भावाविषयी बाजार समिती. प्रस्तुत मांडणी अशी आहे की या तिन्हींचा निर्णय शेतकरी एकाच दिवशी, लागवडीच्या दिवशी घेतो, आणि म्हणून त्यांतली एकच बाजू दुरुस्त केली तर दुसरी बिघडण्याची शक्यता असते.

जमिनीखालचे पाणी

सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर यांसारख्या नद्या पायथ्याशी येताच दगडगोट्यांच्या भरड थरात शिरतात. भूगर्भशास्त्रात बझाडा म्हणून ओळखला जाणारा हा थर पावसाचे आणि नदीचे पाणी झपाट्याने पिऊन घेतो आणि ते दक्षिणेकडच्या खोल गाळाच्या थरांना पुरवतो. तापीच्या दक्षिणेला बेसाल्ट खडकात विहीर खणणाऱ्या शेतकऱ्याचे पाणी उन्हाळ्यात संपते तेव्हा त्याला ते लगेच कळते. उत्तरेकडच्या गाळात मात्र साठा इतका मोठा होता की उपसा भरण्याहून अधिक झाला, तरी अनेक वर्षे त्याची झळ लागली नाही. ट्यूबवेल थोडी खोल नेली, पंपाची अश्वशक्ती वाढवली, की पाणी येतच राहिले. समृद्ध साठ्याचा हा एक तोटाच म्हणावा लागेल, कारण टंचाईचा इशारा त्यात फार उशिरा मिळतो.

या पाण्याची मालकी कायद्याने जमिनीला बांधलेली आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार निश्चित प्रवाहात नसलेले भूजल आपल्या जमिनीतून उपसण्याचा हक्क जमीनमालकाला आहे, आणि त्याच्या उपशाने शेजाऱ्याची पातळी खाली गेली तर त्याचा मोबदला देण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वर विजेचा प्रश्न आहे. कृषिपंपांची वीज दीर्घकाळ अश्वशक्तीनुसार ठोक दराने आकारली गेली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू झाली. परिणामी जास्तीच्या प्रत्येक लिटरची किंमत उपसणाऱ्याच्या दृष्टीने शून्याजवळ येते. खर्च नाहीसा होत नाही. तो ट्यूबवेल खोल करण्याच्या आणि नवा सबमर्सिबल बसवण्याच्या एकरकमी भांडवलात जाऊन बसतो. ज्याच्याकडे हे भांडवल आहे तो खालच्या पाण्यामागे जाऊ शकतो, आणि ज्याच्याकडे नाही त्याची बाग आधी सुकते. अतिशोषणाचा भार सर्वांवर सारखा पडतो ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

केळीला वर्षभरात साधारण १८०० ते २२०० मिलिमीटर पाणी लागते, तर या भागाचे सरासरी पर्जन्यमान सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. ठिबकमुळे गरज बरीच घटते. तरी पावसाशिवाय एक हजार मिलिमीटर पाणी जमिनीखालून द्यावे लागते असे हिशेबासाठी धरू. एका एकरावर एक हजार मिलिमीटर म्हणजे सुमारे ४० लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चारशे टँकर. एकरी २५ टन उत्पादन धरले तर एका किलो केळीमागे सुमारे १६० लिटर भूजल खर्च होते. गृहीतके बदलली की आकडा बदलेल, पण त्याची जातकुळी बदलणार नाही.

ठिबकने हा प्रश्न सुटायला हवा होता असे अनेकांना वाटते. तो का सुटला नाही, याचे कारण खऱ्या मर्यादेच्या जागेत आहे. पाटाने पाणी देण्याच्या काळात शेतकऱ्याच्या हातात मोजक्या तासांची वीज असे आणि तेवढ्या तासांत जितके क्षेत्र भिजेल तितकीच केळी लावता येई. ठिबकने तेवढ्याच तासांत अधिक क्षेत्र भिजू लागले. वाचलेले पाणी जमिनीखाली शिल्लक न राहता शेजारच्या एकरावर गेले, कारण ते जमिनीखाली ठेवल्याबद्दल कोणालाही काही मिळत नव्हते. कार्यक्षमता वाढली की वापर वाढतो हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत दाखवले होते. पाण्याला तो नियम लागू होऊ नये असे काही कारण नाही. ठिबकला दोष देण्याचा हा मुद्दा नाही. ठिबक नसते तर उत्पादकता आजच्या पातळीवर आली नसती. पण पाणीबचतीचे अनुदान आणि पाणीबचत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शासकीय अहवालांत पहिलीची आकडेवारी दुसरीचा पुरावा म्हणून दिली जाते.

एकाच वाणाची बाग

१९९० च्या दशकापूर्वी या पट्ट्यात बसराई, श्रीमंती असे वाण कंदांपासून लावले जात. कंद शेजाऱ्याच्या बागेतून येत, पीक हाती यायला दीड वर्षापर्यंत लागे, आणि निसवण, म्हणजे झाडातून घड बाहेर पडणे, मागेपुढे होई. ऊतिसंवर्धित ग्रँड नैन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली जी-नाइन, आल्यावर पीक अकरा-बारा महिन्यांवर आले आणि संपूर्ण बाग जवळजवळ एकाच वेळी निसवू लागली. पाच बाय पाच फुटांवर एकरी १७४२ झाडे, सारख्या उंचीची, सारख्या घडांची; व्यापाऱ्याला ट्रक भरण्यासाठी आणि निर्यातदाराला खोका भरण्यासाठी याहून सोयीचे काही नव्हते. शेतकऱ्याने जुने वाण सोडले ते अज्ञानाने नव्हे. त्याला मिळणारा भाव वजनाला आणि दिसण्याला होता, आणि दोन्हींत जी-नाइन सरस होती.

पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो वा पावसाळ्यानंतरची कांदेबाग, पहिल्या पिकाची नवती असो वा जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेली पिलबाग, आज बहुतेक ठिकाणी झाड तेच आहे. खाण्याची केळी बीजहीन असतात आणि शाखीय पद्धतीनेच वाढतात, म्हणून सगळी झाडे जनुकीयदृष्ट्या एकमेकांच्या प्रती असतात. अशा एकसारखेपणाची किंमत जगाने एकदा मोजलेली आहे. मध्य अमेरिकेतल्या निर्यातीच्या बागांत ग्रो मिशेल हे एकच वाण होते. पनामा मर रोगाने ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारातून बाद केले आणि त्याची जागा रोगाला दाद न देणाऱ्या कॅव्हेंडिश गटाने घेतली. ग्रँड नैन त्याच गटातली आहे. आता त्या बुरशीची टीआर-४ ही शाखा कॅव्हेंडिशलाही मारते. तैवानपासून ती पसरत गेली, २०१९ मध्ये कोलंबियात तिची नोंद झाली, आणि भारतात बिहारमध्येही ती आढळली आहे. बुरशीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे टिकतात आणि ट्रकच्या चाकांना, अवजारांना, मजुरांच्या पायांना लागून प्रवास करतात. उत्तर भारताशी रोज ट्रकांची ये-जा असलेल्या पट्ट्यासाठी हे अंतर फार मोठे नाही.

अर्थशास्त्राच्या भाषेत वाणांची विविधता हा एक सामूहिक विमा आहे, आणि त्याचा हप्ता भरायला एकट्या शेतकऱ्याला कोणतेही कारण नाही. पाच एकरांपैकी एका एकरावर वेगळा वाण लावणाऱ्याला भावातली तूट स्वतः सोसावी लागते, आणि रोगाचा वेग मंदावल्याचा लाभ शेजारच्या सगळ्या बागांत वाटला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्र जळगावातच आहे आणि तिरुचिरापल्लीच्या राष्ट्रीय केळी संशोधन केंद्रात वाणांचा मोठा संग्रह आहे. पण संग्रहात जिवंत असलेला वाण बाजारात विकला जात नसेल, तर शेतापर्यंत त्याचा रस्ता बंदच राहतो.

२०२० च्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही हंगामांत कुकुंबर मोझॅक विषाणूने, ज्याला येथे हरण्या म्हणतात, अनेक बागा उपटायला लावल्या. मावा किडीने पसरणाऱ्या या रोगाला भाजीपाल्याची, विशेषतः वेलवर्गीय पिकांची सोबत मानवते, आणि सततचे ढगाळ हवामान त्याला पोषक ठरते. रोग एकसुरी लागवडीमुळेच आला असे म्हणता येणार नाही. पण एकाच वयाची, एकाच वाणाची शिवारेच्या शिवारे समोर असताना त्याला अडवणारेही काही नव्हते. येथे एक संस्थात्मक गुंता लक्षात घेण्यासारखा आहे. रोगट झाड लगेच उपटून नष्ट करणे हे शेजाऱ्यांच्या हिताचे असते, पण नुकसानभरपाई पंचनाम्यावर अवलंबून असेल तर उपटलेल्या झाडाचा पंचनामा कसा होणार? झाड उभे ठेवणारा शेतकरी स्वतःपुरता योग्य वागतो आणि गावाचा धोका वाढवतो. उपटल्याची छायाचित्रासह त्याच दिवशी नोंद आणि त्यावर ठरलेली भरपाई, एवढ्या साध्या नियमाने हा गुंता बराच सैल होऊ शकतो.

बागांमधली जैवविविधता वाणांपुरती नाही. घनदाट, ओल्या आणि वर्षभर हिरव्या बागा बिबट्यांना आसरा देतात. मुक्ताईनगरजवळच्या वढोदा वनक्षेत्रात वाघांचा वावर केळीच्या शेतांपर्यंत पोहोचलेला आहे. १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य आणि पूर्वेकडचे मेळघाटाचे जंगल यांच्यामधला हा दुवा मौल्यवान आहे, पण रात्रीच्या विजेवर मोटार सुरू करायला जाणाऱ्या सालदाराच्या वाट्याला त्याची जोखीम येते आणि कोणत्याही हिशेबात ती धरली जात नाही.

भाव ठरण्याची रीत

पक्व घड झाडावर फार दिवस राहू शकत नाही. मे महिन्याच्या उन्हात तर दोन-चार दिवसांचा विलंबही महाग पडतो. विक्रेता थांबू शकत नाही आणि खरेदीदार थांबू शकतो, या एका वस्तुस्थितीतून केळीबाजाराचे बाकीचे बरेचसे स्वरूप ठरते. व्यवहार बहुतांशी बागेवरच होतो. रावेरचा जाहीर भाव आणि शेजारच्या बऱ्हाणपूरचा लिलावातला भाव हे दोन्ही संदर्भ म्हणून वापरले जातात. पण प्रत्यक्ष हातात येणारी रक्कम नवती की पिलबाग, दांड्याचे वजन किती वजा केले, किती माल वापसीत (कमी प्रतीचा म्हणून) काढला, या वाटाघाटींवर ठरते. जाहीर भावापेक्षा कमी दराने कापणी झाल्याची तक्रार या भागात जुनी आहे.

जुलै २०१६ मध्ये राज्य शासनाने फळे आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. खरेदीदार वाढतील आणि स्पर्धेने भाव सुधारतील, हा त्यामागचा तर्क होता. परवान्याची अट गेली तरी प्रवेशाचे खरे अडथळे तसेच राहिले. कापणीच्या टोळ्या, ट्रक, उत्तर भारतातल्या पिकवणी केंद्रांशी असलेले संबंध आणि उधारी सोसण्याची ताकद ज्याच्याकडे आहे तोच खरेदीदार होऊ शकतो, आणि असे लोक एका गावापुरते पाहिले तर मोजकेच निघतात. ते एकमेकांशी बोलून भाव ठरवतात असे सिद्ध केल्याशिवाय स्पर्धा कायदा, २००२ खाली काही करता येत नाही, आणि सगळ्यांनी एकाच जाहीर भावाकडे पाहून सारखाच दर देणे हा संगनमताचा पुरावा ठरत नाही. पूर्वीच्या फ्रूटसेल सोसायट्यांनी, म्हणजे फळविक्रीच्या सहकारी संस्थांनी, शेतकऱ्याला थांबण्याची नव्हे, पण एकत्र बोलण्याची ताकद दिली होती. त्या निष्प्रभ होत गेल्यावर तीही उरली नाही.

दुसऱ्या बाजूने स्पर्धा वाढलीच आहे, ती उत्पादकांमध्ये. सोलापूर जिल्ह्यातला करमाळा-टेंभुर्णीचा पट्टा, गुजरात, आंध्र प्रदेश आणि बिहार या सगळ्यांची केळी त्याच बाजारांत येते आणि जवळजवळ सगळीकडे वाण तोच आहे. भौगोलिक मानांकनाची मर्यादा येथे दिसते. जून २०२१ मध्ये तांदलवाडी गावच्या शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा तंतुमय घटक आणि खनिजे यांवर भर दिला गेला, आणि त्या घटनेचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. वरच्या हिशेबाने त्या मालाबरोबर सुमारे ३५ लाख लिटर भूजलही गेले, हे मात्र कोणत्याही कागदावर आले नसावे. प्रश्न असा की ज्या वाणाची झाडे इक्वेडोरपासून अनंतपूरपर्यंत तीच आहेत, त्याला केवळ जागेच्या नावावर किती अधिक भाव मिळणार? याच यावल तालुक्यातल्या बामणोदच्या भरिताच्या वांग्याशी तुलना करून पाहावी. जळगावच्या भरिताच्या वांग्यालाही मानांकन आहे, पण त्याच्या मागे शेतकऱ्यांनी राखलेले स्थानिक बी आहे, आणि थंडीत भरीत-पार्टीसाठी ते शोधत येणाऱ्या खान्देशी माणसाला दुसरे वांगे चालत नाही. वांग्याचा बाजार छोटा आहे हे खरे. पण त्यात नाव आणि वस्तू यांची फारकत झालेली नाही.

एक बाजू सुधारली तर काय होते

आता मूळ मुद्द्याकडे येता येते. समजा, बाजार सुधारला: प्रत्येक गावाजवळ उघडा लिलाव, काट्यावर वजन, दांड्याची ठरलेली वजावट, आठ दिवसांत पैसे. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढेल आणि ते वाढलेच पाहिजे. पण भाव वाढला आणि पाणी फुकट राहिले, तर पुढच्या जूनमध्ये लागवड वाढेल, ट्यूबवेल आणखी खोल जातील, आणि आज कापूस किंवा हरभरा असलेले एकर केळीखाली येतील. मक्तेदार उत्पादन आवरून भाव चढा ठेवतो, म्हणून नकळत साठा राखतो, असे नैसर्गिक संसाधनांच्या अर्थशास्त्रात पूर्वीपासून म्हटले जाते. खरेदीदारांच्या वर्चस्वाविषयीही तसेच काही म्हणण्याचा मोह होईल, परंतु येथे तो निष्कर्ष टिकत नाही. लागवड गेल्या हंगामाच्या भावावर होते, आणि एकदा बाग उभी राहिली की भाव पडला तरी पाणी तोडता येत नाही. म्हणून पडलेला भाव पाणी वाचवत नाही, फक्त शेतकऱ्याला बुडवतो. चढलेला भाव मात्र उपसा नक्की वाढवतो. निर्यातीचा मार्ग हा ताण अधिक तीव्र करतो, कारण खोक्यासाठी लागणारी लांबी आणि जाडी भरपूर पाणी आणि एकच वाण यांशिवाय साधत नाही.

उलट बाजूने, केवळ पुनर्भरणावर भर देण्याचाही हाच शेवट होतो. १० मे २०२५ रोजी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तापी खोरे महापुनर्भरण प्रकल्पाचा सामंजस्य करार झाला. सुमारे १९ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पात तापीचे पाणी कालव्यांद्वारे पायथ्याच्या भरड थरांत सोडून भूजल भरण्याची कल्पना आहे, आणि भूगर्भाच्या दृष्टीने ती भक्कम आहे. हा बझाडा पाणी मुरवण्यासाठीच निर्माण झाल्यासारखा आहे. पण मुरलेले पाणी कोणाचे, याचे उत्तर करारात नव्हे तर १८८२ च्या कायद्यात आहे, आणि ते उत्तर आहे, ज्याचा पंप खोल त्याचे.

खान्देशाला सामूहिक पाणीवाटपाचा अनुभव नाही असे नाही. धुळे जिल्ह्यात पांझरा आणि तिच्या शेजारच्या नद्यांवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचे पाणी शेतांच्या गटांना (फडांना) पाळीने देण्याची रीत, शतकानुशतके चालली. त्या पद्धतीत फक्त पाण्याची पाळी ठरत नसे. कोणत्या फडात यंदा कोणते पीक असेल हेही गाव ठरवी, आणि पाणी सोडणारा पाटकरी व पिकाची राखण करणारा जागल्या यांना त्यांचे मानधन त्याच उत्पन्नातून मिळे. पाणी आणि पीक यांची निवड एकत्र बांधण्याचे हे शहाणपण भूजलाला लावणे अवघड आहे, कारण पाट दिसतो आणि भूजल दिसत नाही. तरी ते अशक्य नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना मनाई करतो आणि अधिसूचित क्षेत्रात पाणलोट समितीमार्फत पाणीवापर व पीक यांचे नियोजन करण्याची तरतूदही त्यात आहे. ज्या भागात शेकडो फूट खोल ट्यूबवेल आधीच चालू आहेत तेथे साठ मीटरची अट हास्यास्पद वाटते, आणि तिच्या अंमलबजावणीवर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही. उपयोगाची तरतूद दुसरी, म्हणजे समितीमार्फत पाणी व पीक यांच्या नियोजनाची, आहे.

विजेच्या बाबतीत मोफत योजना मागे घेणे राजकीयदृष्ट्या शक्य दिसत नाही. पंजाबात २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ हा प्रयोग सुरू झाला. त्यात शेतकऱ्याला विजेचा ठरावीक कोटा मिळतो आणि न वापरलेल्या युनिटांचे पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. सवलत तशीच राहते, पण उपसलेल्या पाण्याला किंमत येते. त्यासाठी पंपाला मीटर लागतो, आणि मीटरविषयीचा अविश्वास खान्देशातही कमी नाही. म्हणून ही गोष्ट पुनर्भरणाच्या लाभाशी जोडणे अधिक व्यवहार्य वाटते: ज्या शिवारात पुनर्भरणाचे काम आधी होईल, तेथील पंपधारकांनी मीटर आणि ठरलेला कोटा मान्य करावा, आणि त्या बदल्यात उरलेल्या युनिटांचे पैसे व लिलावाची सोय त्याच गावाला प्रथम मिळावी. मानांकनाच्या अटींत वेगळ्या वाणाखालच्या क्षेत्राचा काही किमान वाटा आणि मोजलेले पाणी यांचा समावेश केला, तर नावालाही सांगण्यासारखे काही मिळेल. हे सर्व कालव्याला पाणी सुटण्याआधी ठरले पाहिजे, कारण एकदा पातळी वर आली की नवे ट्यूबवेल त्याच उन्हाळ्यात बसतील आणि कोटा मान्य करण्याचे कोणालाही कारण उरणार नाही.